रघूमामा गाडी बघायला येतात

गेल्या महिन्यात ऑफिसमधली एक मैत्रीण जुनी गाडी बघायला इथे पुण्यात, वाकडला चालली होती. "तू सोबत ये, तुला कळतं," म्हणाली म्हणून गेले. विकणाऱ्याने गाडी धुऊनपुसून सोसायटीच्या दारात आणून उभी केली होती. मी बॉनेटवर हाताची मागची बाजू टेकवली आणि मैत्रिणीला म्हटलं, "चल. उद्या सकाळी परत येऊ."

"का गं? काय झालं?"

"आधीच चालू करून तापवून ठेवली आहे. गाडी थंड असताना बघायची. तापल्यावर आजार लपतात."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"रघूमामांनी," म्हटलं.

रघूमामा म्हणजे रघोत्तमराव. माझ्या नात्यागोत्यातले नव्हेत. मी चेन्नईला एका मोटारींच्या कारखान्यात नोकरी करत होते तेव्हाची गोष्ट. राहायला अण्णा नगरला होते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ती हवापालटाला माझ्याकडे येणार होती, आणि तिला बसच्या पायऱ्या चढवून न्यायची कल्पनाही मला करवत नव्हती. नवी गाडी झेपणारी नव्हती. रोज शेकडो नव्या गाड्या माझ्या डोळ्यांसमोरून जायच्या, पण सात वर्षं वापरलेली गाडी कशी बघायची हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या टेबलावर बसणारी गायत्री तंजावरच्या मराठी घराण्यातली. तिला मराठीपेक्षा तमिळ सोपं जायचं. ती म्हणाली, "आमचा मामा आहेत ना! सगळे त्यांनाच घेऊन जातात. तू फोन कर. मराठी बोल, खूष होतील."

चेन्नईच्या जुन्या भागात, तिरुवल्लिकेणीतल्या एका अरुंद गल्लीत, तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर. दारात पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळावर काळी उभी रेघ आणि खाली अक्षतेचा ठिपका असलेले, उंच, किंचित वाकलेले सत्तरीपुढचे गृहस्थ उभे.

"ये गे मा. जेवण जालें कां?"

हे मराठी होतं, पण जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, आणि त्याला चाल तमिळची. मी सातारची आहे असं सांगितल्यावर त्यांनी आतल्या दिशेला हाक मारली, "इंदिरा, बाहेर ये. साताऱ्याहून आली आहे ही!" जणू मी त्यांच्याकडे काही निरोप घेऊन आले होते. त्या दिवसापासून माझं नाव सातारा पडलं. खरं नाव त्यांनी कधी वापरलंच नाही. माणसांची नावं ते विसरत. गाड्या मात्र एकेक लक्षात ठेवत.

त्यांनी उभ्या जन्मात महाराष्ट्र पाहिला नव्हता. कॉफीचा टंबलर हातात देता देता विचारायचे, "तिकडे रस्त्यांत सगळे मराठीच बोलतात कां? भाजीवालाही? बसमधला कंडक्टरही?" मी हो म्हटलं की मामींकडे बघून मान हलवायचे. "नेतेस कां एकदां?" असंही विचारायचे. मी दर वेळी नेईन म्हणायचे. नेलं नाही.

चाळीस वर्षं त्यांनी माउंट रोडवरच्या एका गॅरेजात काढली, शेवटची पंधरा फोरमन म्हणून. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतले लोक जुनी गाडी घेताना त्यांना घेऊन जाऊ लागले. मामा त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. फक्त आदल्या संध्याकाळी विकणाऱ्याला स्वतः फोन करून सांगायचे, "उद्यां सात वाजतां येतों. मी येईपर्यंत चावी लावूं नका."

सात म्हणजे सात. बॉनेटवर हाताची पालथी बाजू ठेवायचे, तापल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी. मग गाडीभोवती एक फेरी, काही न बोलता. जुन्या वेष्टीच्या चिंधीत बांधलेलं एक लोहचुंबक खिशात असायचं. ते पत्र्यावरून फिरवायचे. जिथे चिकटायचं नाही तिथे आत पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली, म्हणजेच गाडी कधीतरी तिथे ठोकली गेलेली. पेडलवरचं रबर बघायचे. मीटर चाळीस हजार म्हणतं आणि रबर झिजून गुळगुळीत झालेलं असलं, तर मीटरकडे परत बघायचे नाहीत. इंजिन सुरू करायच्या आधी चपला बाहेर काढून अनवाणी बसायचे, आणि गाडी सुरू झाली की तळवे पेडलवर टेकवून डोळे मिटायचे. रेडिओ बंद, एसी बंद, आम्हीही बंद. कुणी हूं की चूं केलं तर एक बोट वर. मागून निघणारा धूर मी बघायचा आणि रंग सांगायचा, एवढं काम त्यांनी मला दिलं होतं. निळा म्हणजे इंजिन तेल खातंय, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले.

आणि प्रत्येक विकणाऱ्याला एक प्रश्न: "कां विकतां?" उत्तर ऐकताना ते माणसाकडे नाही, जमिनीकडे बघायचे. "खरें उत्तर लहान असतें," मला नंतर सांगायचे. "लांब असलें की समज, आंत काहीं आहे. आणि सातारा, विचारायचें तें गाडीला. गाडीला खोटें बोलूं येत नाहीं."

आम्ही पाहिलेली पहिली गाडी अण्णा नगरमधलीच होती. चांदीच्या रंगाची, आत अत्तराचा घमघमाट. मी तर मनातल्या मनात आईला मागच्या सीटवर बसवूनही टाकलं होतं. मामांनी इंजिन ऐकलं, ठीक म्हणाले. मग पुढच्या सीटचा पट्टा धरून ओढायला लागले. ओढतच राहिले, शेवटचा वीतभर बाहेर येईपर्यंत. त्या शेवटच्या वीतभरावर मातीची पिवळसर रेघ होती. त्यांनी तो भाग नाकाशी नेला आणि माझ्या हातात दिला. अत्तराखाली गाळाचा वास होता.

मला वाटलं आता भांडण होणार. मामा त्या माणसाला हळूच बाजूला घेऊन तमिळमध्ये म्हणाले, "सार, पाणी किती चढलं होतं?"

त्या माणसाने स्वतःच्या कमरेशी हात नेला. "सीटपर्यंत. दोन दिवस."

"ज्याला विकाल त्याला सांगून विका."

"सांगितलं तर घेणार कोण?"

"कुणीतरी घेईल. उशिरा घेईल."

बाहेर आल्यावर मी चिडून म्हटलं, "चांगलं सुनवायचं ना त्याला!" मामा चपला घालत म्हणाले, "त्याचेंही घर बुडालें होतें गे. गाडी एकटी कशी बुडेल?"

दुसरी, तिसरी अशाच गेल्या. चौथी मात्र मला हवी होती. अजूनही आठवली की हवीशी वाटते. लाल रंगाची, एकाच मालकाची, सर्व्हिसचे सगळे कागद फाइलमध्ये. मालक वारले होते. उघड्या दारातून भिंतीवरचा हार घातलेला फोटो दिसत होता. चांगला उंच, रुंद खांद्यांचा माणूस. त्यांच्या पत्नी, वसंता त्यांचं नाव, दारात उभ्या होत्या. मामांनी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "चालवणारं कुणी नाही."

एवढं लहान उत्तर. मामांनी गाडी तपासली, गंज नाही, गळती नाही, पत्रा मूळचा. मी पर्समधली चेकबुक चाचपलं. तेवढ्यात मामा ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेले आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती. आरसाही खाली झुकवलेला. मामांनी फोटोकडे पाहिलं, मग वसंताबाईंकडे. त्या जेमतेम पाच फूट.

"अम्मा, इथे कोण बसतं?"

त्या ओशाळल्या. "मीच. सकाळी थोडा वेळ. नुसती बसते. चालवायला येत नाही मला."

मामा उतरले. बॉनेट हळूच लावलं. "गाडी फार चांगली आहे," ते म्हणाले. "म्हणून सांगतो, विकू नका. चालवायला शिका. दोन महिने लागतील."

परतीच्या रिक्षात मी न राहवून म्हणाले, "मामा, तुम्ही माझ्या बाजूने आला होतात."

"होय तर."

"मग माझी गाडी घालवलीत ती?"

"तुजी नव्हती ती," ते म्हणाले. "ती तिची होती. तिज कळलें नव्हतें इतकेंच."

मी आठवडाभर त्यांना फोन केला नाही. पण पुढे काही महिन्यांनी अण्णा नगरच्या मोठ्या रस्त्यावर मागे रिक्षांचे हॉर्न कोकलत असताना एक लाल गाडी गोगलगायीसारखी चाललेली पाहिली. काचेवर शिकाऊ चालकाचं लाल अक्षर, आणि आत वसंताबाई, ओठ घट्ट मिटून, समोर बघत. माझा उरलासुरला राग तिथेच गेला.

त्याआधीच, आई यायच्या सुमारास, सहावी गाडी आम्ही घेतली होती. पांढरी, सात वर्षांची. मामांनी तिचे सात दोष मोजून दाखवले. "जुन्या गाडीला रोग असणारच. कोणता, तें ठाऊक पाहिजे. पाण्याचा पंप वर्षभरांत जाईल, तयार राहा." अकराव्या महिन्यात गेला. पण एका दोषावर ते अडून बसले. साठच्या वेगाला स्टिअरिंगला अगदी बारीक थरथर यायची. मला तर जाणवायचीही नाही. त्यांनी गाडी पुदुपेट्टैच्या, मोटारींच्या सुट्या भागांच्या गल्लीत नेऊन स्टिअरिंगखालचा एक सांधा बदलायला लावला. पुन्हा चालवून पाहिली, नाही म्हणाले. दुसऱ्या बाजूचाही बदलायला लावला. पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला मी वैतागून म्हटलं, "मामा, एवढ्याशा थरथरीने काय होतं?"

ते इतक्या जोरात "चूप!" म्हणाले की मेकॅनिकच्या हातातला पाना थांबला. मग स्वतःच वरमले, आणि पुढे घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या दिवशी मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. मामांचे थोरले भाऊ व्यासराव तंजावरला शाळेत चित्रकला शिकवायचे. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांना गाडी घ्यायची हौस आली. मामांनीच चेन्नईत एक जुनी गाडी हुडकून, तपासून दिली. घरी नेताना तिंडिवनमच्या पुढे तिचं स्टिअरिंग निकामी झालं आणि गाडी चिंचेच्या झाडावर गेली. व्यासराव एकटेच होते. जीव वाचला, उजवा हात गेला. म्हणजे आहे खांद्याला, पण हलत नाही. निवृत्त होईपर्यंत फळ्यावर डाव्या हाताने चित्रं काढली त्यांनी.

"अण्णांनीं एक शब्द म्हटला नाहीं," मामी म्हणाल्या. "पण हे तेव्हांपासून तंजावरला गेले तर रेल्वेनें, आणि संध्याकाळच्या गाडीनें परत. राहात नाहींत. गांवाबाहेर कोणाच्या मोटारीत बसत नाहींत."

पुढच्याच पोंगलला व्यासरावांना ऐंशी पूर्ण होत होती. घरात शांती, होम, जेवणं. रेल्वेची तिकिटं मिळेनात. मामांनी मला विचारलं नाही, मामींनी विचारलं. मी हो म्हणताच मामा म्हणाले, "नको. मी बसनें जातों."

मामी भांडी पुसत होत्या. न वळता म्हणाल्या, "तुम्हींच पाहिलेली गाडी. तुम्हींच बसणार नाहीं?"

पहाटे निघालो. मामा पुढे, मामी मागे, डब्यात चिंचेचा भात. मामा अनवाणी बसले होते, तळवे गाडीच्या तळाला टेकवून, दोन्ही हात मांडीवर. चेंगलपट्टू गेलं, मदुरांतकम गेलं. तिंडिवनम मागे पडल्यावर त्यांनी हात वर केला. मी गाडी कडेला घेतली. रस्ता आता सहापदरी झालाय. चिंचेची झाडं केव्हाच गेलीत. उतरून ते कठड्याशी जरा उभे राहिले.

"इथेंच कुठें तरी," म्हणाले. "हात थरथरला होता माझा स्टिअरिंगवर. तिकडे चेन्नईंत, गाडी पाहतांना. इतकीच थरथर. अण्णा शेजारीं बसला होता, लहान मुलासारखा खूष. म्हटलें, कशाला बोलूं?"

मामींनी गाडीतून पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी दोन घोट घेतले आणि आम्ही निघालो.

तंजावरच्या घरी समारंभाची धांदल होती. व्यासराव रेशमी वेष्टीत, उजवा हात उपरण्याखाली, भावापेक्षा ठेंगणे आणि बोलघेवडे. जेवणं झाल्यावर पाहुणे आडवे झाले, तेव्हा ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "गाडी दाखीव पाहूं." मी दार उघडलं. ते सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसले. डावा हात स्टिअरिंगवर ठेवला, थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवलं. मामा शेजारच्या दाराशी उभे होते.

"रघू, स्टिअरिंग चांगलें आहे रे."

मामा दाराची काच पुसायला लागले.

"त्या गाडीचें हालत होतें," व्यासराव म्हणाले.

मी तिथून सरकायला हवं होतं. पण तिथेच थांबले.

"मज ठाऊक होतें अण्णा," मामा म्हणाले. "पाहतांनाच कळलें होतें. मी बोललों नाहीं."

"मजही ठाऊक होतें. निघायच्या आधीं चार दिवस चेन्नईंत मीच चालवत होतों कीं. तूं इतक्या हौसेनें हुडकून दिलीस. म्हटलें, रघूला वाईट वाटेल. गांवीं नेऊन नीट करून घेईन."

मामा गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. मला वाटलं ते रडतील. पण ते संतापले. "मग इतकीं वर्षें सांगितलें कां नाहींस?"

"तूं कधीं राहिलास?" व्यासरावही चढ्या आवाजात म्हणाले. "येतोस, पानावर बसतोस, घड्याळ पाहतोस, गाडी धरतोस. तुज कधीं सांगूं? स्टेशनावर?"

मामा पुढे गेले, बॉनेट उघडलं आणि आत डोकं घालून उभे राहिले. गाडीला काही झालेलं नव्हतं. बराच वेळ ते तसेच वाकून होते. त्यांचे खांदे हलत होते. व्यासराव आत बसून डाव्या हाताने स्टिअरिंग धरून समोरच्या उघड्या पत्र्याकडे बघत राहिले. शेवटी मामींनी खिडकीतून हाक मारली, "कॉफी निवते!" तेव्हा दोघेही एकदम "आलों" म्हणाले.

संध्याकाळी मामांनी मला सांगितलं, "सातारा, तूं जा उद्यां. आम्ही राहतों थोडे दिवस."

थोड्या दिवसांचे महिने झाले, मग तिरुवल्लिकेणीच्या दोन खोल्या सोडल्याचं गायत्रीकडून कळलं. दरम्यान माझी बदली पुण्याला झाली. मामा फोनवर बोलायचे: कुणाची गाडी पाहिली, काय निघालं, अण्णा आता सोबत येतो आणि फार बडबड करतो, ऐकूंच देत नाहीं. दर वेळी विचारायचे, "तुजी गाडी कशी आहे?" मग मी कशी आहे ते विचारायचे. परवाच्या उन्हाळ्यात मामींचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाल्या. त्रास नाही झाला. मागे व्यासरावांचा आवाज येत होता, कुणाला तरी काही सांगत होते. मग तोही थांबला.

पांढरी गाडी मी पुण्याला आणली होती. अजून आहे. विकायला सांगणारे पुष्कळ भेटतात.

पण मामा आठवतात ते तंजावरच्या त्या दुसऱ्या सकाळचे. मी सामान भरून निघायच्या बेतात होते. मामींनी वाटेसाठी डबा दिला, मामांना हाक मारली, पण ते घरात नव्हते. फुलं आणायला बाजारात गेलेत, म्हणाल्या, आत्ता येतील. मी दहा मिनिटं थांबले, मग निघाले. गल्लीच्या टोकाला वळताना ते दिसले. दोघे भाऊ पाठमोरे चालले होते, धाकटा थोरल्याच्या उजव्या अंगाला, रहदारीच्या बाजूने, त्याच्या लुळ्या हाताचं मनगट आपल्या हातात धरून. व्यासराव काहीतरी सांगत होते. मामा मान खाली घालून ऐकत होते, मध्येच थांबून हसले, मग दोघेही हसले. हॉर्न वाजवायला मी हात नेला आणि मागे घेतला. काच खाली करून थोडा वेळ थांबले, वळून बघतील म्हणून. त्यांनी वळून पाहिलं नाही. बोलत बोलत ते फुलांच्या बाजाराच्या गर्दीत शिरले.